वजन उतरल्यानंतरची तीन वर्षे

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या घराघरांत एक वाद चालू होता: दिवसातून दोनदाच जेवायचे, की थोड्याथोड्या वेळाने खात राहायचे? डॉ. श्रीकांत जिचकारांची मांडणी पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा आणि मधल्या वेळात तोंडात काही टाकू नका. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या, फार वेळ उपाशी राहू नका, आजीच्या स्वयंपाकघरातल्या तुपाला, भाताला, केळ्याला घाबरू नका. नाशिकपासून नागपूरपर्यंत नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये त्यावरून दोन तट पडले. दोन्हीकडच्या लोकांकडे दाखले होते, कारण दोन्हीकडे वजन उतरलेली माणसे खरोखरच होती. मात्र त्या माणसांचे तिसऱ्या वर्षी काय झाले, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. वजन उतरवण्याचा कोणताही उपाय, मग ते डाएट असो, जिम असो की इंजेक्शन, तिसऱ्या वर्षाच्या काट्यावर तपासला पाहिजे. या विषयावर गेल्या ऐंशी वर्षांत जे संशोधन झाले आहे, ते बघितल्यावर दुसरा कोणताही निष्कर्ष काढणे मला अवघड वाटते.

पहिल्या वर्षाबद्दलचा पुरावा आता बऱ्यापैकी स्वच्छ आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांना दोन गटांत विभागून एकाला कमी चरबीचा आणि दुसऱ्याला कमी पिष्टमय पदार्थांचा आहार वर्षभर दिला. २०१८ साली निष्कर्ष आले, तेव्हा एका गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी उतरले होते. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांच्या आत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते. कुणाचे पंचवीस किलोंहून अधिक उतरले, तर कुणाचे उलट वाढले. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ जणांना सारख्याच उष्मांकांचा आहार देऊन त्यातल्या अर्ध्यांना आठ तासांच्या आतच सगळे खायला सांगितले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगातही वर्षअखेर दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. म्हणजे घड्याळ कोणते, यावर फारसे अवलंबून नाही. जो नियम पाळला जातो तो लागू पडतो. अडचण पुढे येते. अमेरिकेतल्या २९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००१ साली घेतला गेला, त्यात पाच वर्षांनंतर मूळच्या घटीपैकी जेमतेम पावभाग टिकलेला आढळला. किलोंत सांगायचे तर सरासरी तीन.

हे का होते, याचे आपल्याकडचे तयार उत्तर असते: जिभेवर ताबा नाही. लग्नकार्यात, हळदीकुंकवाला, ऑफिसात हे उत्तर तोंडावर ऐकवले जाते आणि ज्याला ऐकवले जाते तोही ते खरे मानतो. शरीरशास्त्राने हे उत्तर पार मोडीत काढले आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण, निरोगी पुरुषांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धानंतर उपासमारीने खंगलेल्यांना पुन्हा अन्न कसे द्यायचे, हे त्यांना शोधायचे होते. त्या तरुणांचे वजन सुमारे चौथाईने घटले, दिवसभर अन्नाशिवाय दुसरा विचार सुचेना, आणि पुन्हा भरपूर जेवायला मिळू लागल्यावर पोट तुडुंब भरले तरी भूक शमेना. अंगावर चरबी परतली ती आधीपेक्षा जास्त. ही माणसे लठ्ठ नव्हती, आळशी नव्हती आणि स्वेच्छेने प्रयोगात आली होती. त्यांच्या निग्रहावर शंका घेता येणार नाही.

नंतरच्या संशोधनाने या भुकेचा हिशेबच मांडला. मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार देण्यात आला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले की भूक वाढवणारी आणि तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके आहार संपून वर्ष उलटले तरी मूळ पातळीवर आली नव्हती. तृप्ती देणारे लेप्टिन खाली होते, भूक वाढवणारे घ्रेलिन वर होते. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गणितानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० उष्मांकांनी घटतो आणि भूक मात्र सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसापुढे हे आकडे ठेवून पाहा. त्याच्या शरीराला आता रोज दोन-अडीचशे उष्मांक कमी पुरतात, म्हणजे स्वयंपाकातल्या दोन मोठ्या चमच्यांएवढ्या तेलाइतके, आणि भूक मात्र हजारेक उष्मांक जास्त मागते. ही ओढ जेवणाच्या वेळेपुरती नसते, ती दिवसभर, महिनोन्महिने चालू असते. अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवणाऱ्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले सरासरी ४१ किलो परत आले होते आणि शरीराचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांकांनी कमीच राहिला होता. चरबीच्या पेशींचीही हीच गोष्ट. वजन उतरते तेव्हा पेशी आक्रसतात, त्यांची संख्या फारशी घटत नाही. २०२४ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दाखवले की या पेशींच्या जनुकांवर लठ्ठपणाच्या काळातल्या खुणा वजन उतरल्यानंतरही राहतात. काटा परत चढू लागला म्हणून माणसाच्या चारित्र्यावर बोट ठेवणे त्यामुळे अज्ञानाचे आहे, आणि ते क्रूरही आहे, कारण लाजेने माणूस काट्यावर उभा राहणेच सोडतो आणि सावध व्हायची वेळ हातची जाते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. शरीरच विरोधात असेल आणि बहुतेकांचे वजन परत येणारच असेल, तर इतका खटाटोप कशासाठी? याचे उत्तर मधुमेहाच्या अभ्यासांत आहे आणि ते आशा देणारे आहे. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध कार्यक्रमात सात टक्के वजन उतरवण्याचे उद्दिष्ट होते. तीन वर्षांच्या आत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. दहा वर्षांनी पाहिले तर उतरलेले वजन बरेचसे परत आले होते, तरीही मधुमेहाचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमीच होते. आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ भारतीयांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटातला मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात विशेष घट न होता. सगळेच असे गोड नाही, हेही सांगायला हवे. 'लुक अहेड' या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ५,१४५ मधुमेही होते. ज्यांच्यावर सघन मेहनत घेतली गेली त्यांचे पहिल्या वर्षी ८.६ टक्के आणि अखेरीस ६ टक्के वजन कमी झालेले होते, पण हृदयविकाराचे झटके त्यामुळे घटले नाहीत आणि २०१२ मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की आठ वर्षांनंतरही निम्म्या लोकांनी निदान पाच टक्के घट राखली होती. सातत्याने साथ मिळाली तर निम्मे लोक टिकवू शकतात. मला हा आकडा निराशेचा वाटत नाही.

नाशिक जिल्ह्यात राहून वजनाबद्दल लिहायचे, तर दुसरा आक्षेपही टाळता येत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कुपोषण अजून ठाण मांडून आहे. अशा जिल्ह्यात वजन टिकवण्याची चर्चा म्हणजे गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या सुखवस्तू लोकांचे चोचले नव्हेत काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा कमी वजनाच्या आणि सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या आढळल्या. या दोन आकड्यांतले नाते पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९० च्या दशकापासून उलगडत आले आहेत. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा त्यांचा अभ्यास सांगतो की आपली बाळे लहानखुरी जन्मतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. आईच्या पोटात असताना झालेली आबाळ पुढे चाळिशीत मधुमेह होऊन समोर येते. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे छापली होती. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. चरबी मोजली तर युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांची ९० व स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी अभ्यासात पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आढळला. तेव्हा हा प्रश्न श्रीमंतांपुरता नाही. वजन टिकवताना आपण नेमके काय मोजायचे, हेही यातून ठरते. आपल्याकडे कपड्याच्या टेपने दर महिन्याला मोजलेली कंबर काट्याइतकीच, कधी काट्यापेक्षाही खरी साक्ष देते.

याच कारणाने स्नायू जपणे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे. भराभर वजन उतरवले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि वजन परत येते तेव्हा चरबी आधी परतते. मुळात स्नायू कमी असलेल्या माणसाने दर वर्षी लग्नसराईच्या आधी सहा किलो उतरवायचे आणि दिवाळीपर्यंत सात किलो चढवायचे, हा उद्योग त्याला हळूहळू अधिक चरबीचा करत जातो. युरोपातल्या आठ देशांत ७७३ जणांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजन उतरल्यानंतर थोडी जास्त प्रथिने आणि सावकाश पचणारी धान्ये घेणाऱ्यांचे वजन अधिक चांगले टिकले. आपल्याकडे त्यासाठी डबाबंद पावडर लागत नाही. मटकी, हुलगे, हरभरे, दही, अंडी, परवडेल तेव्हा मासे किंवा चिकन, आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलणे किंवा घरातच बैठका मारणे, एवढे पुरेसे आहे. नागलीची भाकरी चांगलीच, पण ती आता शहरी दुकानांत औषधासारखी विकली जाते, त्या दाव्यांना आधार नाही. चार नागलीच्या भाकऱ्या या शेवटी चार भाकऱ्याच.

वजन टिकवणारी माणसे काय करतात, हे पाहायला १९९४ साली संशोधक रीना विंग आणि जेम्स हिल यांनी अमेरिकेत एक नोंदवही सुरू केली. निदान १३.६ किलो उतरवून वर्षभर राखलेल्यांनाच तिच्यात नाव घालता येते. दहा हजारांहून अधिक जणांनी ते घातले. त्यांची डाएट वेगवेगळी होती, सवयी मात्र मिळत्याजुळत्या निघाल्या: रोज सुमारे तासभर चालणे किंवा तत्सम हालचाल, आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभे राहणे, सुटीच्या दिवशीही जेवणात फार बदल न करणे, टीव्हीसमोर कमी बसणे. यावर शास्त्रीय आक्षेप असा की ही यशस्वी लोकांनी स्वतःहून दिलेली माहिती आहे. यश या सवयींमुळे आले की यशस्वी लोकांना या सवयी परवडल्या, हे तिच्यावरून ठरत नाही. आक्षेप बरोबर आहे. म्हणून त्याच विंग यांचा २००६ चा प्रयोग पाहावा. वजन उतरवलेल्या ३१४ जणांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले. एका गटाला प्रत्यक्ष भेटून रोज वजन करायला आणि सव्वादोन किलो वाढताच लगेच पावले उचलायला शिकवले. दुसऱ्याला फक्त माहितीपत्रके पाठवली. दीड वर्षाने माहितीपत्रकांच्या गटातल्या ७२ टक्के जणांचे वजन सव्वादोन किलो किंवा अधिक वाढले होते, भेटीच्या गटात ४६ टक्के. आणखी एका प्रयोगात हजारावर लोकांचे गट पाडले, त्यांतल्या एका गटाला दरमहा कुणाशी तरी थोडा वेळ बोलायला मिळाले, तर दुसऱ्याने स्वतःचे स्वतः पाहायचे होते. अडीच वर्षांत बोलणाऱ्यांचे ४ किलो परत आले, एकट्यांचे साडेपाच. फरक दीड किलोचा, पण दर महिन्याच्या काही मिनिटांत मिळालेला. जिमची वर्षभराची फी एकदम घेणाऱ्या आणि तीन महिन्यांनी गिऱ्हाईक दिसले नाही तरी चौकशी न करणाऱ्या व्यवसायाने यातून शिकायला हरकत नाही.

वेळीच पाऊल उचलण्याला इतके महत्त्व का, ते सणांच्या हिशेबात दिसते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात नाताळच्या दिवसांत सरासरी वाढ निघाली केवळ ३७० ग्रॅम. वाईट बातमी अशी की ती पुढच्या वर्षभरात उतरली नाही. आपल्याकडे गणपतीच्या मोदकांपासून फराळ, तिळगूळ आणि उन्हाळ्यातल्या पंगतींपर्यंत अशा पाव-अर्ध्या किलोच्या पायऱ्या वर्षभर पसरलेल्या आहेत. उपवासही त्यातलाच, कारण साबुदाणा, दाण्याचा कूट, तूप आणि तळलेले पापड मिळून उपवासाचा दिवस रोजच्यापेक्षा जड होतो. सण सोडावेत असे कुणीच म्हणू नये. सण संपल्यावर दोन आठवड्यांत काटा पाहावा, एवढेच पुरे. नाशिककरांच्या रविवारचे उदाहरण घ्या. शहराबाहेरच्या मळ्यांतल्या मिसळीच्या ताटात वाटीभर मोड आलेली मटकी असते आणि ती उत्तम प्रथिने देते. तिच्यावर शेव-फरसाण, बाजूला पाव, पापड, दही, रस्सा मागाल तितका, त्यावर लाल तर्री आणि शेवटी जिलेबी. मटकी वजन वाढवत नाही. तर्रीतले तेल, तिसरा पाव आणि जिलेबी वाढवतात. आठवड्यातून एकदा हे ताट खाणाऱ्याने मिसळ सोडायची गरज नाही. मटकी जास्त मागावी, तर्री चमच्याने घ्यावी, दोन पावांवर थांबावे. हा नियम तिसऱ्या वर्षीही पाळता येतो. मिसळ कायमची बंद, हा नियम तिसऱ्या महिन्यात मोडतो.

मला दीक्षित आणि दिवेकर यांच्या वादात दोघांच्याही पदरात एक मोठे श्रेय टाकावेसे वाटते. दोघांनीही माणसाला घरच्या स्वयंपाकघरातून उठवून परक्या पदार्थांच्या दारात नेले नाही. टिकण्याच्या दृष्टीने ही गोष्ट दोन जेवणे की सहा, यापेक्षा मोठी आहे. घरात एकाचेच डाएट असते तेव्हा काय होते ते बहुतेकांना माहीत आहे. विशेषतः बायकांच्या बाबतीत. सगळ्यांसाठी तेलातुपाचे करायचे, स्वतः काकडी-मूग घेऊन बसायचे आणि शेवटी पातेल्यातले उरलेसुरले टाकवत नाही म्हणून तेही खायचे. ही व्यवस्था सहा महिने चालते, सहा वर्षे चालत नाही. तेल महिन्याला किती येते, साखर किती, भाजी ताटात किती, हे घरादाराने मिळून बदलले तर वजन टिकवणाऱ्याला रोज एकट्याने लढावे लागत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळ्यांनी काम करणाऱ्यांचे आणखी वेगळे. रात्रपाळीच्या कँटीनमध्ये वडा आणि गोड चहाच असेल, तर घरच्या शिस्तीला अर्थ उरत नाही.

मग आली इंजेक्शने. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात दाखल झाले. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, तेव्हा किमती उतरणे ओघानेच आले. ही औषधे परिणामकारक आहेत, कारण वर सांगितलेल्या भुकेवरच ती काम करतात. ज्यांना मधुमेह आहे किंवा वजन फार आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यात कमीपणा मुळीच नाही. पण तिसऱ्या वर्षाचा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आले. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब चढला तर आपण गोळीला दोष देत नाही, रुग्णालाही देत नाही. लठ्ठपणा हा तसाच दीर्घकाळ सोबत राहणारा आजार आहे, हे एकदा मान्य केले की चार महिन्यांचा कोर्स म्हणून इंजेक्शन विकणे किती चुकीचे आहे ते समजते.

हे सगळे पुरावे पाहताना एक उणीव सलते. वजन टिकवण्याबद्दल आपण जे ठामपणे जाणतो, त्यातले बहुतेक मिनेसोटा, मेलबर्न आणि युरोपातून आलेले आहे. भाकरी-भाजी खाणारे, उपवास करणारे, एकत्र कुटुंबात जेवणारे, कमी स्नायूंचे आणि जास्त चरबीचे मराठी शरीर उतरलेले वजन कसे राखते, हे आपल्याच लोकांकडून समजून घ्यायला हवे. त्यासाठी नाशिकइतकी योग्य जागा नाही. १९९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथे म्हसरूळला आहे. राज्यभरातली अॅलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार या शाखांची महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत, आणि त्यांत हजारो विद्यार्थी दर वर्षी संशोधनासाठी विषय शोधत असतात. विंग आणि हिल यांनी केली तशी नोंदवही विद्यापीठाने मराठीत सुरू करावी. वर्षभर पाच किलो राखलेल्या कुणालाही तिच्यात नाव घालता यावे, मग त्याने दोनदा जेवून ते केलेले असो की सहादा. वर्षातून एकदा वजन, कंबर आणि साखर नोंदवावी. ज्यांचे वजन परत आले त्यांचीही नोंद तितक्याच आदराने राहावी, कारण सर्वात जास्त शिकायला त्यांच्याकडूनच मिळणार आहे. महापालिकेने गोल्फ क्लब मैदान आणि कृषिनगरसारखे जॉगिंग ट्रॅक सिडको, सातपूर आणि पंचवटीच्या प्रत्येक प्रभागात द्यावेत, आणि बायकांना रात्री आठ वाजताही निर्धास्त चालता येईल इतके दिवे तिथे लावावेत. ज्यांनी गेल्या वर्षभरात वजन उतरवले आहे त्यांना माझी विनंती एवढीच, की या महिन्यात काट्याची आणि कंबरेची एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि ती दर महिन्याला पाळा.